एकीला उतार पडतो, दुसरीला नाही: क्रॉनिक फटीग सिंड्रोमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या धाकट्या बहिणीला हा आजार आहे. तिच्यामुळे मी याबद्दल वाचत, डॉक्टरांना विचारत आणि इतर रुग्णांशी बोलत आले. आधी ओळखीपाळखीतून आणि आता अनोळखी लोकांकडूनही जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं दिली आहेत ती तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावीत म्हणून. आपल्या मनाने कुठलंही औषध सुरू करू नका.

१. मला सतत थकवा असतो. म्हणजे मला क्रॉनिक फटीग सिंड्रोम आहे का?

बहुतेकदा नाही. थकवा कितीतरी आजारांत येतो आणि आपल्याकडची बरीच कारणं साध्या रक्ततपासणीत सापडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी१२, ड जीवनसत्त्व, साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या, ईएसआर-सीआरपी (शरीरात सूज-दाह आहे का) एवढं करून घ्या. जोरात घोरत असाल तर स्लीप अ‍ॅप्नियाबद्दल (झोपेत श्वास अडकणं) विचारा. संध्याकाळी बारीक ताप येऊन वजन घटत असेल तर क्षयरोगाची तपासणी आधी.

रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे लगेच हाच आजार, असंही नाही. गोव्यातल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या एका अभ्यासात (२००५) १२ टक्के जणींनी सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा असल्याचं सांगितलं. त्याचा संबंध हिमोग्लोबिनशी लागला नाही. तो लागला कर्ज, कमी शिक्षण, नवऱ्याकडून होणारा छळ आणि मनावरचा ताण यांच्याशी. तो थकवा खराच असतो, त्यालाही मदत हवी. पण त्याचा उपाय वेगळा आहे.

२. मग हा आजार ओळखायचा कशावरून?

लक्षणांवरून. रक्ताची एकही अशी तपासणी अजून नाही जी करून ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगता येईल. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये दिलेले निकष बऱ्याच ठिकाणी वापरतात. पूर्वी जमणारी कामं सहा महिन्यांहून जास्त काळ खूपच कमी झालेली असणं, आणि विश्रांतीने न जाणारा नवाच थकवा. श्रमानंतर तब्येत कोसळणं (प्रश्न ३). झोपून उठल्यावरही ताजंतवानं न वाटणं. यांच्या जोडीला, विचार-स्मरण मंदावणं किंवा उभं राहिल्यावर त्रास वाढणं, यातलं निदान एक. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन महिन्यांनी निदान करता येतं, आणि शंका तर त्याही आधी, सहा आठवड्यांत घ्यावी असं त्या सांगतात. मला ते जास्त पटतं, कारण सुरुवातीचे महिने अंगावर काढले की नुकसान वाढतं.

३. रुग्ण ‘क्रॅश झाला’ म्हणतात, म्हणजे नेमकं काय होतं?

याला डॉक्टरी भाषेत पीईएम (पोस्ट-एक्झर्शनल मलेज) म्हणतात, आणि माझ्या मते सगळा आजार यात आहे. झेपत होतं त्यापेक्षा थोडं जास्त केलं की तब्येत कोसळते. त्याच वेळी कोसळतेच असं नाही, अनेकदा १२ ते ४८ तासांनी. श्रम फक्त शरीराचेच असतात असंही नाही. तासभर हिशेब करणं, पाहुण्यांशी बोलत बसणं, रडणं, भांडण, लग्नाच्या हॉलमधला डीजे, सगळे श्रमच.

बहिणीचं एक उदाहरण सांगते. रविवारी तिने केस धुतले आणि केस वाळेपर्यंत मावशीशी फोनवर हसत बोलली. सोमवारी ठीक होती. मंगळवारी सकाळी घसा दुखत होता, अंग ठणकत होतं, कप उचलताना हात थरथरत होता आणि मी विचारलेलं साधं वाक्य तिला दोनदा सांगावं लागलं. ताप मोजला तर नॉर्मल. पुढचे पाच-सहा दिवस तसेच गेले. मधला तो बरा सोमवार लोकांना फसवतो आणि रुग्णालाही फसवतो, कारण मंगळवारच्या दुखण्याचा रविवारशी संबंध कोणी जोडत नाही. म्हणून दोन आठवडे तरी साधी वही ठेवा: काय केलं, किती वेळ केलं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कसं वाटलं.

४. एमई, सीएफएस, एमई/सीएफएस… हे वेगवेगळे आजार आहेत का?

आज एकच मानतात. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये १९५५ साली आलेल्या साथीनंतर एमई (मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस) हे नाव रुळलं. अमेरिकेत नेवाडातल्या साथीनंतर १९८८ मध्ये क्रॉनिक फटीग सिंड्रोम (सीएफएस) हे नाव पुढे आलं. पुष्कळ रुग्णांना दुसरं नाव आवडत नाही, ‘थकवा तर सगळ्यांनाच येतो’ हे ऐकून ते विटलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ पासून एमई मज्जासंस्थेच्या आजारांत धरला आहे. घरच्यांशी वाद घालताना हे वाक्य उपयोगी पडतं.

५. हा होतो कशामुळे? चिकनगुनिया, डेंग्यू, कोविड यानंतर होऊ शकतो का?

बऱ्याच जणांत सुरुवात संसर्गानंतर होते, सगळ्यांत नाही. ऑस्ट्रेलियातल्या डबो गावात २५३ रुग्णांचा पाठपुरावा करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथे एप्स्टाइन-बार, क्यू फीवर आणि रॉस रिव्हर असे तीन अगदी वेगळे जंतू होते, तरी सहा महिन्यांनी साधारण १२ टक्के लोक दीर्घ थकव्यात अडकलेले दिसले. मूळ आजारपण जितकं जोराचं, तितका धोका जास्त होता. रुग्णाचा आधीचा स्वभाव किंवा मानसिक इतिहास यांनी फरक पडला नाही. चिकनगुनियाही रॉस रिव्हरच्याच कुळातला विषाणू आहे. मात्र त्यानंतर महिनोन्‌महिने सांधे दुखत असतील तर तो वेगळा विषय आहे, संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. लाँग कोविडच्या काही रुग्णांना सगळे निकष लागू होतात, काहींना नाही.

अनुवंशाचाही वाटा असावा. ब्रिटनमधल्या डीकोडएमई प्रकल्पाने २०२५ मध्ये १५,५७९ रुग्णांच्या डीएनएचे निष्कर्ष मांडले. त्यात आठ ठिकाणी फरक दिसला, आणि त्यातल्या काही जागांचा संबंध रोगप्रतिकारशक्ती व मज्जासंस्थेशी आहे.

६. माझी मैत्रीण याच आजारात नोकरी करते. मला आंघोळ जमत नाही. मग आजार एकच कसा?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच.

पहिला फरक तीव्रतेचा. सौम्य आजारात माणूस नोकरी करतो, पण शनिवार-रविवार पडून काढतो. मध्यम तीव्रतेत नोकरी किंवा शिक्षण सुटतं आणि दुपारी आडवं व्हावंच लागतं. तीव्र आजारात घराबाहेर पडणं बंद होतं. अतितीव्र आजारात माणूस अंथरुणाला खिळतो, उजेड आणि आवाज सोसत नाही, काहींना नळीने अन्न द्यावं लागतं. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालानुसार निदान चौथा हिस्सा रुग्ण कधी ना कधी घरात किंवा अंथरुणात अडकतात. ‘सौम्य’ शब्दाने फसू नका, सौम्य आजारातसुद्धा आधीचं निम्मं आयुष्य गेलेलं असतं.

दुसरा फरक कुठलं लक्षण पुढे आहे याचा. कुणाचे स्नायू-सांधे दुखतात. कुणाला दुखत काहीच नाही, पण बँकेचा फॉर्म भरताना स्वतःचा पिनकोड आठवत नाही. कुणाला उभं राहवत नाही, कुणाचं पोट बिघडलेलं असतं, कुणाला उदबत्तीचा वास सोसत नाही. सोबतीला फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखण्याचा आजार), मायग्रेन, पॉट्स (उभं राहिल्यावर नाडी फार वाढणं, प्रश्न ११) असतील तर चित्र आणखी बदलतं.

तिसरा फरक आजाराच्या चालीचा. काहींचा आजार एका तापातून एकदम सुरू होतो, काहींचा नकळत वाढतो. काहींना वर्षभर बरं, मग घसरण. काही वर्षानुवर्षं एकाच पातळीवर. स्त्रियांमध्ये हा आजार जास्त दिसतो, पण पुरुषांना आणि मुलांनाही होतो.

एकाच नावाखाली दोन-तीन वेगळे आजार असतील का, याचं उत्तर संशोधक अजून शोधत आहेत. तोवर मैत्रिणीच्या तब्येतीशी स्वतःची तब्येत ताडून पाहू नका. ताडायचंच असेल तर स्वतःच्या मागच्या महिन्याशी ताडा.

७. पूर्ण बरं होता येतं का?

होतं, पण मोठ्यांमध्ये कमी जणांना. २००५ सालच्या एका आढाव्यात अनेक अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा पूर्ण बरं होण्याचं मध्यक प्रमाण ५ टक्के आणि सुधारणा होण्याचं सुमारे ४० टक्के निघालं. मुलांचं चित्र बरंच चांगलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या पाठपुराव्यात पाच वर्षांनी ३८ टक्के आणि दहा वर्षांनी ६८ टक्के मुलं बरी झाल्याचं सांगत होती. ‘सहा महिन्यांत ठणठणीत’ अशी हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका.

८. यावर औषध आहे का?

मूळ आजारावर सिद्ध झालेलं औषध अजून नाही. रिंटाटोलिमॉड हे एक औषध अर्जेंटिनात मंजूर झालं, पण अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ते मंजूर केलेलं नाही. पण ‘औषध नाही’ याचा अर्थ ‘करण्यासारखं काही नाही’ असा काढू नका. झोप, दुखणं, उभं राहिल्यावरची धडधड, मायग्रेन, पोट यांवर उपचार आहेत, आणि त्यातली एखादी गोष्ट आवरली तरी दिवसातून अर्धा तास परत मिळतो. डॉक्टरांकडे जाताना ‘थकवा आहे’ एवढंच सांगू नका. सगळ्यात जास्त छळणारी तीन लक्षणं क्रमाने लिहून न्या.

९. एलडीएन घेऊन ओळखीच्या एक ताई कामावर जायला लागल्या. मलाही तसाच गुण येईल का?

येईल, येणार नाही, किंवा त्रास होईल, तिन्ही शक्य आहे. एलडीएन म्हणजे नाल्ट्रेक्सोन अगदी कमी मात्रेत, साधारण ४.५ मिलिग्रॅमपर्यंत. काही रुग्णांचं दुखणं आणि डोक्यातला गोंधळ कमी होतो, काहींना फरक पडत नाही, काहींची झोप उडते. या आजारासाठी ते मंजूर नाही, ठोस मोठ्या चाचण्यांचा आधार अजून नाही. ट्रॅमाडॉलसारखी ओपिऑइड वेदनाशामकं चालू असतील तर ते घेऊच नये.

पण तुमच्या प्रश्नातली खरी अडचण वेगळी आहे. नॉर्वेत कॅन्सरवरचं रिटुक्सिमॅब दिल्यावर काही रुग्णांना बरं वाटल्याचं तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. २०११ मध्ये ३० जणांची छोटी चाचणी आली: औषध मिळालेल्या १५ पैकी १० जण सुधारले, खोटं औषध (प्लासिबो, म्हणजे तुलनेसाठी दिलेलं, आत औषधच नसलेलं) मिळालेल्या १५ पैकी २. जगभरचे रुग्ण आशेने भारून गेले. मग १५१ जणांची मोठी चाचणी झाली आणि २०१९ मध्ये निकाल आला. औषधाच्या गटात २६ टक्के सुधारले, खोट्या औषधाच्या गटात ३५ टक्के. औषध चाललं नाही.

त्या पस्तीस टक्क्यांकडे नीट पाहा. ही माणसं खोटं बोलत नव्हती. या आजारात चढ-उतार आपोआप येतात, आणि माणूस नवं औषध बहुतेकदा सगळ्यात वाईट दिवसांत सुरू करतो. नंतरचा चढ मग औषधाच्या नावावर जमा होतो. म्हणून एका वेळी एकच बदल करा, तो निदान काही आठवडे टिकवा, वहीत नोंद ठेवा आणि बंद केल्यावर काय होतं तेही लिहा. त्या ताईंना गुण आला असेलही, त्यावरून तुमचं भाकीत मात्र करता येत नाही.

१०. घरचे म्हणतात, थोडा थोडा व्यायाम वाढव म्हणजे ताकद येईल. चूक आहे का?

इतर बऱ्याच आजारांत हा सल्ला बरोबर आहे, म्हणून तो सगळे प्रेमाने देतात. इथे तो उलटू शकतो. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या ६४१ रुग्णांच्या पेस चाचणीने टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम आणि सीबीटी ही समुपदेशन पद्धत यांची बाजू घेतली. पुढे त्या चाचणीत ‘बरं होण्याची’ व्याख्या मध्येच सैल केल्याचं उघड झालं, आणि मूळ व्याख्येने मोजल्यावर बरे झालेल्यांचा आकडा फारच खाली आला. २०२१ मध्ये नाइसने असा ठरावीक वेळापत्रकाने वाढवत नेलेला व्यायाम देऊ नये, असं स्पष्ट केलं. सीबीटी आजार बरा करण्यासाठी नाही, हवी असल्यास आजारासोबत जगण्याला आधार म्हणून.

अपवाद आहेत. ज्यांना श्रमानंतर क्रॅश येतच नाही, त्यांचं निदान पुन्हा तपासायला हवं, आणि त्यांना व्यायामाचा फायदा होऊ शकतो. खूप दिवस अंथरुणात असलेल्यांना सांधे आखडू नयेत म्हणून झोपल्या झोपल्या हलक्या हालचाली लागतात, हा आजार समजणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून. सूर्यनमस्कारांनी कोसळणारे काही जण पडून केलेल्या संथ श्वसनाने शांत होतात. मर्यादा तुमची वही ठरवेल.

११. उभं राहिलं की धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. हाही त्यातलाच भाग का?

असू शकतो, आणि उपचाराला सगळ्यात जास्त दाद देणारा भाग बहुधा हाच. आडवं असतानाची नाडी मोजा, मग भिंतीला टेकून दहा मिनिटं उभं राहून दर मिनिटाला मोजा. शेजारी कुणीतरी हवं, चक्कर आली तर लगेच थांबा. रक्तदाब फारसा न घसरता नाडी ३० ठोक्यांनी किंवा जास्त वाढून तशीच राहिली (१२ ते १९ वयात ४०), तर पॉट्सची शंका घेतात. आधी रक्तक्षय, थायरॉइड, पाणी कमी पडणं ही कारणं वगळावी लागतात.

जास्त पाणी, जास्त मीठ, पोटापर्यंत येणारे दाबाचे मोजे यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो. पण रक्तदाब जास्त असेल, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर मीठ वाढवू नका. औषधांतही माणसागणिक फरक पडतो. प्रोप्रानोलॉलने एकीची धडधड थांबते, तर मुळातच रक्तदाब कमी असलेली दुसरी त्यानेच आडवी होते, आणि दमेकऱ्याला ते चालतच नाही. इव्हाब्रॅडीन, मिडोड्रीन, फ्लुड्रोकॉर्टिसोन यांपैकी काय, हे तुमचे आकडे पाहून डॉक्टर ठरवतील.

१२. पेसिंग म्हणजे फक्त आराम करायचा का?

नाही. आपल्याला झेपणारी हद्द शोधून तिच्या आत राहणं, आणि बऱ्या दिवशीही ती न ओलांडणं. बऱ्या दिवशी कामाचा फडशा पाडायचा आणि मग चार दिवस पडून राहायचं, हे चक्र सगळ्यांना माहीत आहे.

आमच्या घरात काय बदललं ते सांगते. बहीण बाथरूममध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून आंघोळ करते आणि केस धुण्याच्या दिवशी दुसरं कुठलंही काम ठेवत नाही. ओट्यापाशी उंच स्टूल आहे, तरी कणीक मळण्याचं काम आईकडे गेलं, कारण त्यानेच दुसऱ्या दिवशी हात गळून जात. भाजी ती पलंगावर बसून निवडते, पंधरा मिनिटांचा गजर लावून. गजर वाजला की मेथीची जुडी अर्धी राहिली तरी थांबते. हे अर्ध्यावर थांबणं तिला सगळ्यात कठीण गेलं.

काही जण घड्याळावर नाडी पाहतात आणि ती ठरावीक आकड्यावर गेली की बसतात. पॉट्स असेल किंवा प्रोप्रानोलॉलसारखं बीटा ब्लॉकर औषध चालू असेल तर तो आकडा फसवा ठरतो.

१३. सून लग्नाला नटून आली, हसली-बोलली. घरी मात्र काम सांगितलं की दुखतं. आम्ही काय समजायचं?

हा प्रश्न सासूबाईंकडून येतो, नवऱ्याकडून येतो, कधी सख्ख्या आईकडूनही. त्या समारंभासाठी तिने आधीचे दिवस राखून ठेवलेले असतात आणि नंतरच्या दिवसांत ती काय भोगते ते पाहुण्यांना दिसत नाही (प्रश्न ३). एक करून पाहा: कार्यक्रमानंतर तीन दिवस तिच्या खोलीत जाऊन बसा. आणि कामाचं विचाराल तेव्हा ‘आज काय जमेल?’ असं विचारा.

१४. डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून गोळ्या दिल्या. घेऊ की नको?

दोन गोष्टी वेगळ्या करा. नैराश्यात बहुतेकदा काही करावंसंच वाटत नाही आणि हालचालीने थोडं बरं वाटतं. या आजारात करण्याची इच्छा तुडुंब असते आणि केल्यावर तब्येत बिघडते. पण दोन्ही एकत्र असू शकतात, आणि नैराश्य असेल तर त्याचा उपचार घ्यायलाच हवा. अमिट्रिप्टिलीनसारखी औषधं कमी मात्रेत झोप आणि वेदनेसाठीही देतात, तेव्हा डॉक्टरांना विचारा: ही नेमकी कशासाठी? चालू गोळी एकदम बंद करू नका. जगणं नको वाटत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर आजच बोला, मराठीतही बोलता येतं.

१५. साध्या मात्रेतलं औषधही मला सोसत नाही. माझ्याच बाबतीत असं का?

तुम्ही एकट्या नाही. या आजारात औषधं न सोसणं बऱ्याच जणांत दिसतं, म्हणून जाणते डॉक्टर नेहमीपेक्षा कमी मात्रेने सुरुवात करतात आणि हळूहळू वाढवतात. शस्त्रक्रिया किंवा दातांचं मोठं काम असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा.

१६. आयुर्वेद, पंचकर्म, सप्लिमेंट यांचं काय?

कुणाला आराम पडला तर मी वाद घालत नाही. काळजी दोन गोष्टींची वाटते. वमन-विरेचन आणि त्यासाठीचा रोजचा प्रवास हेच मोठे श्रम आहेत. आणि लेबल नसलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा जड धातू सापडल्याची उदाहरणं आहेत. बी१२ आणि ड कमी असतील तर त्या गोळ्या जरूर घ्या, बाकी महागड्या डब्यांना घाई नाही.

१७. गरोदर राहिले तर आजार वाढेल का?

आधी सांगता येत नाही. काही जणींना त्या महिन्यांत बरं वाटतं, काहींचं वाढतं, काहींचं तसंच राहतं. प्रसूतीनंतरची जागरणं मात्र सगळ्यांनाच जड जातात, तेव्हा रात्री बाळाला कोण घेणार हे आधीच ठरवा. चालू औषधांबद्दल दिवस राहण्याआधी बोलून घ्या.

१८. अपंगत्व प्रमाणपत्र मिळतं का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत या आजाराचं नाव नाही. त्यामुळे नुसत्या या निदानावर ते मिळणं अवघड आहे. नोकरीत घरून काम, मधल्या सुट्टीत आडवं होण्याची जागा, कमी तास यांसाठी मात्र डॉक्टरांचं सविस्तर पत्र कामी येतं. पत्रात ‘अशक्तपणा’ असं न लिहिता काय किती वेळ जमतं आणि त्यानंतर काय होतं, ते लिहून घ्या.

१९. नवं दुखणं आलं तर ते याच आजाराचं समजायचं का?

नाही. एकदा निदान झालं की पुढचं सगळं त्याच्याच खात्यात टाकण्याची सवय डॉक्टरांना, घरच्यांना आणि आपल्यालाही लागते. छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, शौचातून रक्त, न थांबणारा ताप, विनाकारण वजन घटणं, स्तनात गाठ, पाळीत अचानक बदल, हे सगळं स्वतंत्रपणे तपासून घ्या. वर्षातून एकदा मूळ रक्ततपासण्याही पुन्हा करा, कारण या आजाराच्या माणसाला थायरॉइड किंवा मधुमेह होऊ शकतोच. अतितीव्र रुग्णाचं खाणं-पिणं कमी होत चाललं असेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा लघवी फार कमी होत असेल, तर ‘क्रॅश ओसरेल’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. जाताना डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे आणि आडवं नेण्याची सोय करा, आणि ही सगळी तयारी कशासाठी ते कागदावर लिहून कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांच्या हातात द्या.